सुरुंग काढणाऱ्याचे परमवीर चक्र

परमवीर चक्र म्हटले की शत्रूच्या बंकरवर हातगोळा घेऊन झेपावणारा जवान डोळ्यांपुढे येतो. आजवर हे चक्र ज्या २१ जणांना मिळाले, त्यांच्यापैकी अनेकांनी ते असेच मिळवले आणि १४ जणांना तर ते मरणोत्तर दिले गेले. तरीही शौर्य म्हणजे मारणे किंवा मरणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो तर या पदकाचा आणि ते मिळवणाऱ्यांचाही मान कमी करतो, असे मला वाटते. पदकाच्या नियमांत शत्रूसमोर दाखवलेले असामान्य धैर्य, शौर्य किंवा आत्मत्याग अशी अट आहे. किती शत्रू मारले याचा उल्लेखही नाही. पदकाची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, पण भारतीय पुराणांच्या जाणकार. पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र घेतले. हे वज्र ज्यांच्या अस्थींचे झाले त्या दधीचींनी शस्त्र उचलले नव्हते. त्यांनी स्वतःचा देह दिला होता.

शौर्य म्हणजे केवळ मारणे किंवा मरणे नव्हे, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गावचा हा माणूस १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला होता. भारत-पाकिस्तानच्या पहिल्या युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू भागातली राजौरी सोडवायला निघालेल्या फौजेला नौशेराहून जाणारा डोंगरी रस्ता मोकळा करून हवा होता. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले आणि ते स्वतः धरून पाच जखमी. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि कामाला हात घातला. रात्री दहापर्यंत, शत्रूला स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी, मशीनगनच्या माऱ्यात ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. आडवे पाडलेले चीडवृक्ष सुरुंगाने उडवायचे, पुढे गेले की उद्ध्वस्त मोरी, ती ओलांडली की पुन्हा झाडे आणि त्यांच्याभोवती पेरलेले सुरुंग. १० तारखेला रणगाडे नदीच्या पात्रातून वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. राणे तिथे थांबू शकले असते. पण मागून रसद येण्यासाठी रस्ताच हवा, हे ओळखून ते रात्री नऊपर्यंत अन्न-विश्रांतीविना राबले. ११ तारखेला सकाळी अकराला रस्ता चिंगसपर्यंत खुला झाला आणि १२ तारखेला राजौरी हाती आली.

यावर कोणी म्हणेल, सुरुंग काढणे हे सॅपरचे, म्हणजे लष्करी अभियंता दलातल्या सैनिकाचे, नेमून दिलेलेच काम. त्यात सर्वोच्च पदकाजोगे काय? पण चढाई करणे हेही पायदळाचे नेमून दिलेलेच काम आहे. प्रश्न कामाचा नसून ते कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळ पेलले याचा आहे. गोळीला गोळीने उत्तर देणाऱ्याला निदान उत्तर देता येते. सुरुंगावर वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. शिवाय एका क्षणाच्या आवेगात माणूस मृत्यूला विसरू शकतो, जखमी अवस्थेत चार दिवस विसरणे अवघड. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पदकाला साक्षीदार लागतात, आणि कित्येकांचे शौर्य पाहणारे कोणी उरतच नाही. हे मान्यच करावे लागते. पण त्यामुळे दिलेले पदक खोटे ठरत नाही. न मिळालेल्यांविषयीचा आदर मात्र वाढायला हवा.

राणे युद्धातून जिवंत परतले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. शाळेत परमवीरांच्या कथा सांगणाऱ्यांना विनंती एवढीच, की हल्ल्यांच्या गोष्टींबरोबर या रस्त्याचीही गोष्ट सांगा, आणि ती चारही दिवसांची सांगा.