दवाखान्यात म्हातारी माणसे का पडतात? आधी रक्त तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पन्नाशीनंतर मोजणी थांबते, आजार थांबत नाही. बीड जिल्ह्यात जन्मभर ऊस तोडलेली आजी दवाखान्यात येते तेव्हा अनेकदा रक्तक्षय सोबत घेऊनच येते.

रक्त कमी असले की स्नायूंना, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. त्यात बीपीची गोळी, रात्री लघवीला उठणे. झटकन उभे राहताच चक्कर येते. पडून खुबा मोडला तर माणूस अंथरूण धरतो.

म्हणून दाखल होताच हिमोग्लोबिन विचारा. स्त्रीचे १२, पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना कारण विचारा. नुसत्या टॉनिकवर भागवू नका. उठण्याआधी दोन मिनिटे खाटेवर पाय सोडून बसवा. ‘वयच झालंय’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.