‘/रन’ कोरी असते, पण कुठे?

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी केलेल्या अनेकांना उबुंटूच्या कंटेनरातली ही तक्रार तोंडपाठ असते : ‘/रन/एसएसएचडी’ डिरेक्टरी नाही, एसएसएच सर्व्हर चालू होणार नाही. मग पहिली शिवी पॅकेज बनवणाऱ्याला.

गैरसमज : पॅकेज अर्धवट आहे, डिरेक्टरी सोबत यायला हवी होती.

खरं तर ती येऊ नये असाच नियम आहे. नेहमीच्या मशीनवर ‘/रन’ रॅममध्ये असते. दाराशी सकाळी काढलेल्या रांगोळीसारखी ती रीबूटला पुसली जाते, म्हणून पॅकेजने तिथे काही ठेवण्यात अर्थच नाही. डेबियनचं धोरण तसं करायला मनाई करतं. फेडोराचे नियम सांगतात, की डिरेक्टरी कशी बनवायची याचं टिपण द्या, म्हणजे ‘टेंपफाइल्स’ची छोटी फाइल. ती वाचून मशीन उठताना डिरेक्टरी उभी करतो सिस्टिमडी. कंटेनरात बहुधा सिस्टिमडीच नसतो. टिपण आहे, वाचणारं कुणी नाही.

गैरसमज : कंटेनर रीस्टार्ट केला की ‘/रन’ कोरी होते.

इथे पुष्कळ जण फसतात, मीही फसलो आहे. वेगळं सांगितलं नसेल तर डॉकरमध्ये ‘/रन’ ही इमेजमधली साधी डिरेक्टरी असते, रॅम वगैरे काही नाही. रीस्टार्टमध्ये तिच्यातलं सगळं तसंच राहतं. त्यामुळे अपाचेची जुनी पीआयडी फाइलही उरते. कंटेनरात पीआयडी लहान असतात आणि तेच तेच आकडे पुन्हा येतात, त्यामुळे फाइलीतला आकडा आता भलत्याच प्रोसेसचा असू शकतो. अपाचे म्हणतो, ‘मी तर आधीच चालू आहे’, आणि बंद पडतो. कंटेनर काढून नवा उभा केला, तरच पाटी कोरी.

गैरसमज : डॉकरफाइलमध्ये ‘एमकेडिर’ लिहिलं की काम संपलं.

बऱ्याचदा संपतंही. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज ‘/व्हार/रन/पोस्टग्रेसक्यूएल’ अशीच बनवते. पण कुबरनेटिसवर कुणी ‘/रन’वर ‘एम्प्टीडिर’ हा रिकामा व्हॉल्यूम चढवला, की इमेजमधली डिरेक्टरी त्याखाली झाकली जाते आणि तीच तक्रार परत. अशा वेळी ‘एमकेडिर’ एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्ये हवं. ‘एम्प्टीडिर’ मेमरीत ठेवला असेल, तर तिथे साठलेला प्रत्येक बाइट कंटेनरच्या मेमरी मर्यादेतून कापला जातो.

गैरसमज : ‘/व्हार/रन’ वेगळी जागा आहे. आजच्या बहुतेक लिनक्सवर ती ‘/रन’कडे बोट दाखवणारी नुसती लिंक आहे.