बाटल्या गेल्या, रिम राहिल्या

रीलमध्ये सगळं एका मिनिटात होतं. रंगीत बाटल्या, थोडी तार, मागे गिटार वाजतेय आणि कुंपण तयार! मागच्या मे महिन्यात आजीच्या परसात मीही तसंच कुंपण घातलं. गाव रत्नागिरीकडचं, लग्नसराईचे दिवस, त्यामुळे कोल्ड्रिंकच्या शे-दीडशे प्लॅस्टिक बाटल्या सहज जमल्या. आतून रंग फिरवला, तारेत ओवल्या. फोटो झकास आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीने खालून मान घातली आणि मिरचीची रोपं फस्त केली. आजी म्हणाली, "बाये, तिला तुझं रील दाखवलंस का?"

खरा घोळ यंदा कळला. उन्हाने बाटल्या कडक होऊन तडकल्या होत्या. हात लावला की तुकडा पडायचा. वाफ्यातून ते रंगीत तुकडे वेचण्यात माझे दोन दिवस गेले, आणि सगळे काही निघाले नाहीत. गंमत म्हणजे, याच बाटल्या भंगारवाला विकत घेतो. म्हणजे रिसायकल होऊ शकणारी वस्तू मी 'रिसायकल' म्हणून मातीत घातली!

तसं टाकाऊतून कुंपण हे काही आपल्या पिढीचं डोकं नाही. कोकणात दरवर्षी काट्याकुट्यांची वई घालतातच. रानडुकरांनी हैराण झालेले शेतकरी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, एसटीच्या खिडकीतून तुम्हीही पाहिल्या असतील. आणि चंदीगडचं रॉक गार्डन? नेक चंद हे सरकारी रोड इन्स्पेक्टर. त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाकून दिलेलं इलेक्ट्रिकचं सामान गोळा करत वर्षानुवर्षं गुपचूप ती बाग उभी केली. 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिथे प्लॅस्टिक बाटल्यांचा थाट नाही. चिनीमाती, काच, दगड, सिमेंट. ऊनपाऊस खाऊन उरणारं सामान.

म्हणून यंदा आधी भंगारवाल्याकडे गेले. सायकलच्या अकरा जुन्या रिम किलोवर मिळाल्या. (लोखंडही तो पुढे विकतोच, मान्य. पण ते निदान बरेच पावसाळे उभं राहील.) पॉलिश पेपरने गंज घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, मग ऑइलपेंट. रंग नवा आणू नका, प्रत्येकाच्या माळ्यावर अर्धा डबा असतोच. दोन रिम जिथे टेकतात तिथे बाइंडिंग वायरचा पीळ. खाली जमिनीलगत फुटक्या कौलांची रांग वीतभर गाडली, कारण शेळी वरून नाही, खालून येते.

खांब मात्र फुकट. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर रोवल्या. त्या मुळं धरतात, खांबाचं झाड होतं. ही आयडिया आजीची. रिमच्या आऱ्यांवर कारलं आणि गोकर्ण चढवायचं ठरलंय.

शहरात सोसायटीच्या बागेला काही करणार असाल तर काचेच्या बाटल्या उलट्या, मान मातीत घालून वाफ्याच्या कडेला लावा, छान दिसतात. फक्त क्रिकेट खेळायच्या जागेपासून लांब. टायर वापरणार असाल तर तळाला भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते. आणि लाकडी पॅलेट घेताना शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालते. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ती भाजीच्या वाफ्याजवळ नकोच.

माझं कुंपण अजून अर्धवट आहे. फाटकाच्या जागी सध्या झावळी आडवी लावलीय आणि शेळीला ते कळलंय. माळ्यावर एक मोडकी लोखंडी खाट पडून आहे. तिची डोक्याकडची जाळी फाटकाला अगदी मापात बसेल. पण काका म्हणतात, खाट दुरुस्त करायचीय. गेली नऊ वर्षं म्हणतायत.