रुमालाचा हात, लोकरीचा गळपट्टा

माझा भाचा सातपूरच्या एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला जातो. साडेसहाला निघतो, मोटरसायकलवर. डिसेंबरातलं नाशिक त्या वेळी कसं असतं ते नाशिककरांना सांगायला नको. पलीकडे निफाडला तर काही वर्षी पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि द्राक्षाचे घड वाचवायला बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. मी त्याच्यासाठी मफलर विणायला घेतला, तर म्हणाला, "मावशी, मफलर नको. टोक सुटलं आणि चाकात गेलं म्हणजे?" म्हणणं रास्त होतं. त्याला हवा होता बिनटोकाचा, डोक्यातून घालायचा गोल गळपट्टा. इंग्रजी नमुन्यांत त्याला काऊल म्हणतात. शब्द मूळचा ख्रिस्ती मठवासीयांच्या झग्याच्या टोपीचा. आमच्या घरात मात्र पुढचे चार दिवस 'मावशी कौलं विणतेय' अशी थट्टा चालली.

पहिला गळपट्टा साफ फसला. दिसायला सुरेख, एकेक टाका मोत्यासारखा, पण गळ्यात घातला की पुठ्ठ्यासारखा उभा राहायचा आणि हनुवटीखालून वारा आत यायचा. दोष लोकरीचा नव्हता, माझ्या हाताचा होता. आपल्याकडे क्रोशा शिकायचा तो सुती दोऱ्यावर: दाराचं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवर टाकायचं कव्हर. बारीक पोलादी सुई, पिळाचा दोरा, आणि टाका जितका आवळलेला तितकी शाबासकी. रुमालाला तो हात शोभतो. गळपट्ट्यासाठी तो सोडावा लागतो.

कारण सोपं आहे. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब असते शरीराची. लोकरीच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. टाके आवळले की ही हवा पिळून निघते, हाती उरतो नुसता जाड कपडा. फार सैल केले तर हवा स्थिर राहत नाही, वाऱ्याबरोबर निघून जाते. या दोहोंच्या मधलं विणायचं आहे.

आधी लोकर. दुकानात लोकर मागितली की बहुतेक वेळा पुढे येते ती अ‍ॅक्रिलिक. तिला नावं ठेवायचं कारण नाही. स्वस्त असते, टोचत नाही, मशीनमध्ये धुता येते, कसर लागत नाही. पण ती ओलावा शोषत नाही. तोंडासमोर येणाऱ्या कपड्यात श्वासाची वाफ साठते आणि अ‍ॅक्रिलिक आतून दमट लागायला लागतं. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. मी निम्मी-निम्मी मिसळलेली घेते. लेबल नसेल तर दोन बोटं लांबीचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आपणच विझते आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, मागे कडक काळा मणी राहतो.

इथल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर वापरता येईल का, असं मला विचारतात. तिच्या सुतावर चिंचोक्याची खळ चढवून सणगर घोंगडी विणतात आणि ती घोंगडी पावसाथंडीत वर्षानुवर्षं टिकते. पण गळ्याला ती चालायची नाही. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचं टोक कातडीला टोचतं. मेरिनो २० मायक्रॉनच्या आसपास असते, दख्खनी त्याहून कितीतरी भरड. घोंगडी अंगरख्यावरून घ्यायची वस्तू आहे.

मध्यम जाडीची लोकर दीडशे ग्रॅम घ्या, उरली तर उरली. रंग फिका घ्या. काळ्या लोकरीत रात्री ट्यूबलाइटखाली टाका दिसत नाही आणि पहिल्याच कामाला डोळे फोडून घेण्यात अर्थ नाही. लडी असेल तर आधी गुंडा करा. समोर हात पसरून बसणारं माणूस मिळालं नाही तर खुर्चीची पाठ चालते.

सुई साडेपाच मिलिमीटरची. दुकानदार नंबर सांगेल, पण नंबरावर जाऊ नका. जुन्या ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मोजणीत उलट. सुईवर कोरलेले मिलिमीटर तेवढे बघा. असाच घोळ टाक्यांच्या नावांचा आहे. अमेरिकन बाई व्हिडिओत ज्याला डबल क्रोशे म्हणते, त्यालाच ब्रिटिश पुस्तक ट्रेबल म्हणतं, आणि ब्रिटिश डबल म्हणजे अमेरिकन सिंगल. आपण खांब म्हणतो, मुका खांब म्हणतो, आणि विषय मिटतो.

या कामाला अर्धा खांब घ्यायचा. मुका खांब दाट बसतो, पुठ्ठा होतो. पूर्ण खांब उंच असतो, दोन खांबांमधल्या फटीतून थंडी शिरते. अर्ध्या खांबासाठी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, सुई टाक्यात घाला, धागा ओढून आणा. सुईवर आता तीन फासे आहेत. पुन्हा धागा घ्या आणि तिन्हींतून एकदम बाहेर काढा.

यातली खरी जागा मधली आहे. टाक्यातून धागा ओढून आणल्यावर तो फास किती वर उचलता, त्यावर टाक्याची उंची ठरते. रुमालाचा हात तो फास तिथेच दाबून ठेवतो. तसं करू नका. सुई नखभर वर उचला, फास सुईच्या दांड्यावर सैल फिरला पाहिजे, मग पुढचा वेढा. डाव्या हाताच्या तर्जनीवरून धागा जातो तिथे बोट आखडलेलं असेल तर सैल सोडा. पाच-सहा ओळी मुद्दाम गबाळ्या विणल्यासारख्या वाटतील. वाटू द्या.

दुसरी गोष्ट, सुई कुठे घालायची. विणलेल्या टाक्याच्या माथ्यावर वेणीसारखे दोन पेड दिसतात, एक आपल्याकडचा, एक पलीकडचा. रुमालात आपण दोन्ही पेडांखालून सुई घालतो. इथे फक्त पलीकडच्या पेडात घालायची. अलीकडचा पेड मोकळा राहतो आणि त्याची उभारलेली रेघ तयार होते. अशा रेघा एकापुढे एक आल्या की कापड बाजाच्या भात्यासारखं आकसतं आणि ताणतं. डोक्यातून जायला ताण, गळ्याला बसायला आकस, दोन्ही त्यातूनच मिळतात. शिवाय रेघांमधल्या खोबणींत हवा बसते ती वेगळीच.

सुरुवातीला नमुन्याचा चौकोन विणा, साधारण १५ सेंटिमीटरचा, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके व ओळी मोजा. हा चौकोन कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण प्रत्येकाचा हात वेगळा आणि दुसऱ्याचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. माझ्या हाताला १३ टाके आणि १० ओळी येतात. गळपट्टा आडवा विणायचा, म्हणजे टाके ठरवतात उंची आणि ओळी ठरवतात घेर. उंची २४ सेंटिमीटर हवी तर ३२ टाके. घेर ६० सेंटिमीटर हवा तर ६० ओळी. तुमचे १० सेंटिमीटरमध्ये १५ टाके येत असतील तर ३६ टाके घ्या. ओळींची संख्या सम ठेवा, जोडताना रेघांची लय मोडत नाही.

सरकफास घालून ३४ साखळ्या करा. साखळी आवळली तर ती कड कधीच ताणत नाही, म्हणून तेवढ्यापुरती सहा मिलिमीटरची सुई वापरली तर बरं. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, तिथून शेवटपर्यंत एकेक: ३२ होतात. दोन साखळ्या करून काम वळवा. या दोन साखळ्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत. पुढच्या ओळीचा पहिला अर्धा खांब पहिल्याच टाक्यात येतो.

आणि शेवटचा टाका जपा. ओळीच्या टोकाला त्याचा मागचा पेड मान वळवून बसतो, दिसत नाही, आणि संपली ओळ असं समजून आपण वळतो. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात विसाव्या ओळीला २७ टाके उरले होते आणि पट्टी एका बाजूने पतंगासारखी तिरकी गेली होती. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवते. दर पाच ओळींनी टाके मोजते. चुकलं तर उसवा. क्रोशाचं हे सुख आहे, सुईवर एकच फास असल्यामुळे उसवताना बाकीचे टाके निसटत नाहीत.

साठ ओळी झाल्या की पट्टी टेबलावर सपाट पसरा आणि दोन्ही टोकं एकमेकांवर आणा. पीळ पडलेला नाही ना, हे हाताने सगळीकडे चाचपून बघा. (मुद्दाम अर्धा पीळ देऊन जोडलंत तर समोर छान तिढा बसतो. मग त्या पट्टीला आत-बाहेर राहतच नाही, एकच बाजू असते. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितींनी हीच पट्टी वेगवेगळी शोधली.) शेवटच्या ओळीचा मागचा पेड आणि पायाच्या साखळीचा एक पेड, दोन्हींतून सुई घालून धागा सरळ बाहेर ओढत जा. ही जोडही सैल हवी, नाहीतर मागे मानेवर दोरी टोचल्यासारखी लागते.

धागा वीतभर ठेवून कापा. बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईने तो टाक्यांत लपवताना एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे असा तीनदा फिरवा. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेने ओवलेलं पहिल्या धुण्यात बाहेर डोकावतं. आणि त्यावर इस्त्री नको. उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मरतं, टाका लुळा पडतो आणि मग कशानेही उठत नाही. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात बुडवून, न चोळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. तंतूंवर बारीक खवले असतात, चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्याचा गळपट्टा बाळाचा होतो.

दुचाकीवाल्यांसाठी घालण्याचा क्रम सांगते, कारण भाचा आधी चुकीचा घालायचा. गळपट्टा डोक्यातून मानेपर्यंत खाली ओढा. मग हेल्मेट, मग त्याचा पट्टा हनुवटीखाली थेट कातडीवर घट्ट लावा. पट्ट्याखाली लोकर राहिली तर तो सैल बसतो. त्यानंतर गळपट्टा पट्ट्यावरून हनुवटीपर्यंत वर ओढायचा, पुढची कड जॅकेटच्या कॉलरमध्ये खोचायची.

फेब्रुवारी संपताना तो धुऊन, सावलीत आडवा वाळवून, घडी घालून ठेवा. खुंटीला किंवा हँगरला नको. भाच्याचा मागच्या वर्षी दाराच्या खुंटीला जूनपर्यंत लटकत होता. यंदा काढला तर दुहेरी करून घालावा लागतो.