ग्लाइड बसवायला एक ओळ, पण फोटो कुठला दिसतोय?

गेल्या आठवड्यात सांगलीहून एका मित्राचा फोन आला. संशोधनासाठी त्याने तासगाव भागातल्या द्राक्षाच्या पानांचे फोटो गोळा केलेत. ते दाखवणारं ॲप यादी जरा खाली सरकवली की बंद पडायचं. तो म्हणाला, मोबाईल जुना आहे.

मोबाईलला दोष देण्याआधी हिशोब करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके. फाइल ४ एमबीची असली तरी पडद्यावर दाखवताना ती उलगडते आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. झाले ४८ एमबी! असे दहा फोटो आले की ॲप आडवं. ग्लाइडसारखी मुक्त स्रोत लायब्ररी फोटो चौकटीच्या मापाने उलगडते. चौकट ४०० गुणिले ३०० ची असेल, तर काम अर्ध्या एमबीत भागतं.

बसवणं सोपं आहे. ॲप मॉड्यूलच्या ग्रेडल फाइलमध्ये डिपेन्डन्सीजखाली ग्लाइडची ओळ टाका, सिंक करा, मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगी द्या. रिपॉझिटरी म्हणून गूगल आणि मेव्हन सेंट्रल ठेवा. जुन्या ट्युटोरियलमधलं जेसेंटर २०२१ मध्येच नव्या आवृत्त्यांसाठी बंद झालंय. कॉइल ३ घेतलीत तर नेटवर्कचा भाग वेगळा जोडावा लागतो, नाहीतर चौकट रिकामी राहते आणि आपण दिवसभर सर्व्हरला शिव्या घालतो. (मी घातल्यात.)

पण संशोधनात खरी अडचण यानंतर सुरू होते. तज्ज्ञ ॲपवर फोटो बघून ‘केवडा’ की ‘भुरी’ ते नोंदवतात. केवड्याचे सुरुवातीचे तेलकट डाग लहान केलेल्या फोटोत दिसतीलच असं नाही. म्हणजे चूक तज्ज्ञाची नसते, आपण दाखवलेल्या फोटोची असते. दुसरं म्हणजे कॅश. ग्लाइड फोटो पत्त्यावरून ओळखते. सर्व्हरवर त्याच नावाने नवा फोटो चढवला, तरी मोबाईलवर जुनाच दिसू शकतो. साताऱ्यात कासच्या फुलांच्या फोटोंवर मी असंच केलं आणि दोन दिवसांच्या नोंदी फेकाव्या लागल्या.

मित्राला म्हटलं, यादीत लहान फोटो राहू दे, पण नोंदीच्या पडद्यावर मूळ आकारच माग. बदललेल्या फोटोला नवं नाव दे. आणि ग्रेडलमध्ये आवृत्तीच्या जागी अधिकचं चिन्ह नको, ४.१६.० असा नेमका आकडा लिही. तोच प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणातही टाक.