पायाला काठी, स्मृतीला काय?

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी सोनगीरचे नाव खानदेशात सर्वतोमुखी आहे. धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ह्या गावात घेतलेली घागर किंवा परात लग्नात द्यावयाची, तर तिच्यावर आधी नाव घालून घ्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. असे भांडे पंगतीसाठी दहा घरी फिरले, तरी अखेर आपल्या घरी परत येते. भांड्याविषयी जी दक्षता समाजाने पिढ्यान्पिढ्या बाळगली, ती स्मृती हरपत चाललेल्या वृद्ध माणसाविषयी मात्र त्याने बाळगलेली नाही.

हमरस्त्यावरच्या गावात ह्या उणिवेची झळ अधिक लागते. एखादे आजोबा नेहमीप्रमाणे पारावर जावयास निघतात आणि थांब्यावर उभ्या असलेल्या एस.टी.त जाऊन बसतात. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. ही सवलत योग्यच. पण त्यामुळे पैशाअभावी त्यांना कोणी खाली उतरवीत नाही. तासाभराने परक्या गावात उतरल्यावर ‘कुठे जायचे, बाबा?’ असे कोणी विचारले, तर त्यांच्यापाशी उत्तर नसते. असलेच तर ते चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्त्याचे असते. एकदा असा प्रसंग घडला, की घरचे लोक भीतीने दाराला कडी घालतात. हिंडताफिरता माणूस आपल्याच घरात कैदी होतो.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ह्या दुखण्यावर पांघरूण घालीत आली आहे. वास्तविक स्मृतिभ्रंश म्हणजे वार्धक्य नव्हे. तो मेंदूचा विकार आहे. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठीपुढच्या लोकांत त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. हा शहरातील सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

ह्या विकारात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते आणि हाताला लागलेली जुनी सवय दीर्घकाळ टिकते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या तांबटाचा हात हातोडी धरताच सराईतपणे चालू शकतो. जे शिल्लक आहे त्याला टेका द्यावयाचा आणि जे गेले त्याची उणीव बाहेरून भरून काढावयाची, हेच साहाय्यक साधनांचे तत्त्व. आठवड्याच्या वारांप्रमाणे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी, वार आणि तारीख ठळक दाखविणारे घड्याळ, कळेवर मुलाचे छायाचित्र असलेला साधा दूरध्वनी, रात्री मोरीपर्यंतची वाट दाखविणारा दिवा, दार उघडताच वाजणारी घंटी, आपोआप बंद होणारी शेगडी, ठावठिकाणा कळविणारे यंत्र ही सारी साधने ह्याच जातीची. त्यांतील निम्म्यांना यंत्र म्हणण्याचेही कारण नाही.

मात्र नवे शिकण्याची शक्ती क्षीण होत जाते. म्हणून साधन हाती द्यावयाचे ते आरंभीच, आणि त्या माणसाला विचारून. आपल्या हालचालींवर कोणी पाळत ठेवावी का, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे. साधनाची भाषाही त्याचीच हवी. इंग्रजी सूचना देणारे घड्याळ अहिराणी बोलणाऱ्या आजीला निरुपयोगी; पण लेकाच्याच आवाजात मुद्रित केलेले ‘माय, गोयी खादी का?’ तिला कळते.

ही साधने गरजूंपर्यंत पोहोचतात का? केंद्र शासनाने २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, चष्मे, श्रवणयंत्रे, कवळ्या अशी तिची यादी. राज्य शासनाने २०२४ मध्ये गरीब ज्येष्ठांच्या खात्यात अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये जमा करण्याची तरतूद केली. चष्मा आणि श्रवणयंत्र ह्यांचे मोल कमी नाही. दृष्टी व श्रवण ह्यांच्या दोषांकडे झालेले दुर्लक्ष स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविते, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले आहे. पण ह्या याद्या शारीरिक उणिवांपाशी थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या पन्नास अग्रक्रमाच्या साधनांच्या यादीत गोळ्यांची डबी, सोपा दूरध्वनी आणि ठावठिकाणा दर्शविणारे यंत्र ह्यांना स्थान आहे. आपल्या योजनांनी हा कित्ता गिरवावयास हवा.

तथापि साधने वाटली की काम संपले, असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. इंग्लंडमध्ये ४९५ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना साधनांचा संपूर्ण संच दिला, ते इतरांपेक्षा अधिक काळ स्वतःच्या घरी राहू शकले, असे त्यात आढळले नाही. घंटी वाजली तर धावून जाणारे कोणी हवे; डबी आठवड्याला भरणारे कोणी हवे. ह्याउलट सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत हरवलेला एक गतिमंद मुलगा काही तासांत घरी पोहोचला, तो गळ्यातल्या पदकावरील क्यूआर संकेतामुळे. त्या पदकाला विजेची गरज नव्हती; कुलाब्याच्या पोलिसांनी ते पाहिले आणि वाचले, एवढ्यानेच काम झाले.

धुळे जिल्ह्याला हे अशक्य नाही. घरोघर जाणाऱ्या आशा सेविकेला विस्मृतीची लक्षणे ओळखावयास शिकविता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण पाठविता येईल. वाहकांना आणि पोलिसांना गोंधळलेल्या वृद्धाशी कसे बोलावे हे सांगता येईल. योजनेचा अर्ज भरून देणारा कारकून, आजोबांच्या दूरध्वनीत छायाचित्रे घालून देणारा विद्यार्थी आणि त्याला हे काम सांगणारा शिक्षक ह्यांनाही त्यात जागा आहे. नाव आणि दूरध्वनी क्रमांक कोरलेले तांब्याचे एक लहान पदक करणे, हे तर सोनगीरच्या कारागिराला क्षणाचे काम.

नाव घातलेले भांडे ओळखता येते, हे खरे. पण शेजारी ते नाव वाचतो आणि भांडे आणून देतो, म्हणूनच ते घरी परत येते.