एक नाव, तीन फायली : ‘ऱ’चा संगणकीय घोळ

‘शेतकऱ्यांची यादी’ या एकाच नावाच्या तीन फायली एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी दिसल्या, तर पाहणाऱ्याला दृष्टिभ्रम झाल्यासारखे वाटेल. संगणकाच्या लेखी मात्र ती तीन निरनिराळी नावे असू शकतात. या घोटाळ्याचे मूळ आपल्या ‘ऱ’मध्ये आहे.

युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र संकेतांक आहे. साध्या ‘र’ला नुक्ता जोडूनही तेच अक्षर सिद्ध होते. तिसरी रीत म्हणजे ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. पण यूटीएफ-८ पद्धतीत ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द पहिल्या रीतीने ३३ बाइटांचा, तर उरलेल्या दोन्ही रीतींनी ३६ बाइटांचा होतो.

फायलींमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिली. ती नावातील अक्षरे वाचत नाही, केवळ बाइट जपते. मॅकची जुनी फाईलव्यवस्था मात्र नाव साठवतानाच त्याची फोड करी. त्यामुळे लिनक्सवर एकसंध ‘ऱ’ने नोंदलेली फाईल मॅकवर उतरवली, की गिटला ती अनोळखी वाटे. वापरकर्त्याने ती भाबडेपणाने पुन्हा नोंदवली, की लिनक्सवाल्या सहकाऱ्याच्या यंत्रावर जुळी फाईल अवतरे. एक जण एकीत दुरुस्ती करतो, दुसरा दुसरीत. आणि खरी यादी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

२०१२ साली गिटमध्ये मॅकसाठी ‘प्रीकंपोजयुनिकोड’ ही सोय आली. फोड झालेली नावे ती पुन्हा सांधून घेते. अदृश्य जोडचिन्हावर मात्र तिचा इलाज नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ते रूप पहिल्या दोहोंशी समतुल्य मानले जात नाही.

हे केवळ शुद्धलेखनाचे दुखणे नव्हे. नावांची तुलना करताना मॅकची ती जुनी व्यवस्था अशा काही अदृश्य चिन्हांकडे दुर्लक्ष करी. गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरच्या नावात असे चिन्ह दडवून वापरकर्त्याच्या यंत्रावर परकी आज्ञा चालवता येते, हे डिसेंबर २०१४ मध्ये उघड झाले आणि गिटला तातडीने दुरुस्ती करावी लागली.

देवनागरी नावांऐवजी गिट आकड्यांची माळ दाखवू लागला, तर घाबरू नये. ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी बंद केली, की नावे वाचता येतात. मात्र जुळ्या फायली शोधायच्या असतील, तेव्हा तीच माळ उपयोगी पडते : सारख्या दिसणाऱ्या नावांचे आकडे वेगळे निघाले, की चोर सापडला. मग दोन्ही फायलींतील मजकूर ताडून एकत्र करावा, एकसंध ‘ऱ’ असलेले नाव ठेवावे आणि दुसरी फाईल गिटच्याच आज्ञेने काढून टाकावी. हे काम लिनक्स किंवा विंडोजवर करावे. मॅकवर ‘र’ आणि नुक्त्याची जुळी एकच फाईल म्हणून दिसते.